साडेसहा तासांची बालवाडी आणि एक स्नोपँट

गेल्या आठवड्यात ताईचा फोन होता. ती पुण्यात, तिची धाकटी यंदा छोट्या शिशुत, नऊ ते बारा. बोलता बोलता मी म्हणलं की आमचे चिरंजीव चार वर्षं पूर्ण व्हायच्या आधीपासून पावणेनऊ ते सव्वातीन शाळेत जायचे, तर पलीकडे एकदम शांतता. मग म्हणे, "अगं एवढा वेळ ठेवून करतात काय त्यांचं? अभ्यास नाही म्हणतेस, गृहपाठ नाही म्हणतेस, झोपवत पण नाहीत, मग नुसतं बसवतात का?" गॅसवर कुकर होता, मी काहीतरी थातूरमातूर सांगून फोन ठेवला, पण प्रश्न डोक्यात राहिलाच, कारण दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला पण पडला होता आणि माझ्यापेक्षा जास्त जोरात सासूबाईंना. म्हणून आता निवांत लिहितेय. ताई, हे तुझ्यासाठीच आहे, आधी सगळं वाच आणि मग भांड.

तर आम्ही राहतो मिसिसागाला, टोरोंटोच्या शेजारी, म्हणजे कॅनडातला ऑन्टॅरिओ प्रांत. इथे सरकारी शाळेत पहिलीच्या आधी दोन वर्षं किंडरगार्टन असतं, पहिल्या वर्षाला ज्युनिअर म्हणजे जेके आणि दुसऱ्याला सीनिअर म्हणजे एसके. ज्या वर्षात मूल चार पूर्ण करणार त्या वर्षीच्या सप्टेंबरात ते जेकेत जाऊ शकतं. आता आमचा नोव्हेंबर २०१९चा, म्हणजे सप्टेंबर २०२३ला शाळेत गेला तेव्हा तीन वर्षं दहा महिने. डिसेंबरातली मुलं तर अजून लहान. पूर्ण दिवस, पाचही दिवस, आणि फुकट. सक्ती मात्र नाही, इथे सक्तीचं शिक्षण सहाव्या वर्षापासून सुरू होतं, त्यामुळे घरी ठेवलं तरी कोणी काही म्हणत नाही, पण मी ओळखीत कोणाला ठेवलेलं बघितलं नाही.

हे पूर्ण दिवसाचं प्रकरण तसं नवीनच आहे. टोरोंटोत सरकारी शाळेतलं पहिलं किंडरगार्टन १८८३ सालचं, म्हणजे कल्पना जुनी, पण कितीतरी वर्षं ते अर्ध्या दिवसाचंच होतं, सकाळी अडीच तास एक बॅच, दुपारी अडीच तास दुसरी. काही ठिकाणी तर दिवसाआड! सोमवार बुधवार एक गट, मंगळवार गुरुवार दुसरा, आणि शुक्रवार वाटून. मग २००९ मध्ये चार्ल्स पास्कल नावाच्या शिक्षणतज्ज्ञांनी प्रांताच्या प्रीमियरना, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यांसारखं पद, अहवाल दिला की चार आणि पाच वर्षांच्या सगळ्यांना पूर्ण दिवस द्या आणि वर्गात शिक्षिकेच्या जोडीला लहान मुलांचं शिक्षण घेतलेली दुसरी बाई पण द्या. सप्टेंबर २०१०ला साधारण ६०० शाळांत सुरुवात झाली आणि २०१४पर्यंत सगळीकडे. मधेच २०१२ला डॉन ड्रमंड या अर्थतज्ज्ञांच्या आयोगाने सांगितलं होतं की पैसे नाहीत, बंद करा हे सगळं. सरकारने ऐकलं नाही. खर्च वर्षाला दीड अब्ज डॉलरच्या घरात जातो म्हणे, त्यामुळे सरकार बदललं की दरवेळी कुजबुज सुरू होते की आता काढणार, २०१९ला पण झाली होती, पण अजून कोणाची हिंमत झालेली नाही.

इतिहास बास. आता मुद्द्यावर येते, आणि माझा मुद्दा म्हणजे स्नोपँट, बर्फात जाताना नेहमीच्या पँटवरून चढवायची ती जाडजूड पँट.

हसू नका. ज्यांनी चार वर्षांच्या पोराला थंडीत बाहेर न्यायला तयार केलंय त्यांना कळेल. आधी स्नोपँट, ती पण खांद्यावरून पट्टे असलेली, मग बूट, मग जॅकेट, मग गळ्याला गुंडाळायचं ते, मग टोपी, आणि सगळ्यात शेवटी हातमोजे, कारण हातमोजे आधी घातले तर चेन लावता येत नाही. क्रम चुकला की परत पहिल्यापासून. आणि सगळं झाल्यावर "आई शू". घरी एका मुलाला पंधरा मिनिटं लागायची, ती पण मी घालून देताना. वर्गात मुलं होती सत्तावीस. इथे उणे दहा-बारा असलं तरी मुलांना बाहेर खेळायला नेतातच, थंडी आहे म्हणून आत बसा असं नसतं. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मनात हिशोब केला की सत्तावीस गुणिले पंधरा, बाई दिवसभर स्नोपँटच घालत बसणार.

तर बाई घालतच नाहीत! मुलं घालतात. ऑक्टोबरातच, बर्फ पडायच्या आधी, जमिनीवर जॅकेट पसरून सराव सुरू. ती युक्ती मला माहीतच नव्हती, जॅकेट उताणं जमिनीवर ठेवायचं, टोपीकडची बाजू आपल्या पायांकडे, मग वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि अख्खं जॅकेट डोक्यावरून मागे उलटवायचं, फट्! झालं. आमच्या साहेबांनी घरी येऊन हे करून दाखवलं तेव्हा सासूबाई चहाचा कप हातात धरून बघतच राहिल्या. पहिल्या महिन्यात त्याला सगळं घालायला अर्धा तास लागायचा असं त्याच्या ईसीई बाईंनी सांगितलं (ईसीई म्हणजे ती जोडीची दुसरी शिक्षिका, आमच्या वर्गाची खरी माउली). अर्धा तास! आणि त्या अर्ध्या तासात कोणी त्याला "चल चल उशीर होतोय" म्हणलं नाही. फेब्रुवारीपर्यंत सात मिनिटांवर आला होता आणि शेजारच्या मुलाची चेन पण लावून द्यायचा.

आता अडीच तासांच्या शाळेत हे कसं झालं असतं सांगा. अर्धा तास घालायला, वीस मिनिटं काढायला, मधे थोडं खेळणं, खाऊ, संपली शाळा. म्हणजे एक तर बाहेर नेणं रद्द झालं असतं नाहीतर बाईंनी धरून कोंबलं असतं, जसं मी सकाळी घरी करायचे. आमच्या खालच्या मजल्यावर एक ताई राहतात, त्यांची मुलगी २०११च्या सुमारास दिवसाआडवाल्या शाळेत होती, त्या सांगतात की हिवाळ्यात लेक शाळेत काय केलं म्हणून विचारलं की म्हणायची "कोट घातला आणि काढला". आणि एक दिवस मधे गेला की दर खेपेला पहिल्या दिवसासारखं रडणं. त्यातून ज्या दिवशी शाळा नाही त्या दिवशी डेकेअर, शाळेच्या दिवशी पण दुपारी कोणीतरी आणून डेकेअरला सोडायचं, मुलाच्या दिवसाचे तीन तुकडे आणि प्रत्येक तुकड्यात वेगळी माणसं, वेगळे नियम.

हे तुकड्यांचं मला आता फार जाणवतं. कारण ताई, तुझी लेक पण दिवसभर बाहेरच असते ना. बारा वाजता शाळा सुटली की व्हॅनकाका तिला पाळणाघरात सोडतात, तिथे जेवण आणि झोप, पाचला तू नेतेस, आणि मधे दोन दिवस तो फोनिक्सचा क्लास. आमच्यापेक्षा जास्त वेळ झाला की नाही? फक्त तो कोणी एक दिवस म्हणून मोजत नाही. मी टोमणा मारत नाहीये, तुला दुसरा पर्यायच नाही हे मला माहितीये, आणि पाळणाघरवाल्या काकू चांगल्या आहेत हे पण माहितीये. पण शाळेत तीन तासांत सगळं उरकायचं म्हणून लेखन, अंक, राइम, रंगवणं असे वीस वीस मिनिटांचे घास भरवतात आणि उरलेला रवंथ मूल एकटंच करतं.

आमच्या इथे वर्गात मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला तो वर्ग वाटलाच नाही. बाकं नाहीत. एका बाजूला वाळूचं टेबल, एकीकडे पाण्याचं टेबल, लाकडी ठोकळ्यांची मोठी जागा, भातुकलीचा कोपरा जो दर महिन्याला बदलतो (कधी दवाखाना, कधी पिझ्झाचं दुकान), आणि टोपल्यांमध्ये नुसता कचरा, म्हणजे मला कचराच वाटला, खडे, काटक्या, ओकची फळं, बाटल्यांची झाकणं, दोऱ्यांची रिळं. सकाळी आल्यावर आपलं नाव शोधायचं आणि हजेरीच्या कागदावर जमेल तसं लिहायचं, सुरुवातीला आमच्याची नुसती एक आडवी रेघ असायची. मग बराच मोठा वेळ मोकळा, ज्याला जिथे जायचंय तिथे जा, आणि दोन्ही बाया फिरत राहतात, खाली बसतात, प्रश्न विचारतात, फोटो काढतात, काय बोललं ते टिपून ठेवतात. सरकारी अभ्यासक्रमच तेव्हा तसा होता, २०१६चा, खेळातून शिकणं हा त्याचा पाया आणि त्यात वाचन-गणिताच्या बरोबरीने स्वतःला आवरणं आणि दुसऱ्यांत मिसळणं यांना अख्खे स्वतंत्र विभाग दिले होते.

स्वतःला आवरणं, हे मला आधी उगाच मोठा शब्द वाटायचा. इथे स्टुअर्ट शँकर नावाचे प्राध्यापक आहेत, त्यांनी यावर बरंच काम केलंय, मूल चिडलं की ते मुद्दाम वाईट वागतंय असं न धरता त्याच्यावर कसला ताण आलाय ते बघायचं, अशी काहीशी त्यांची मांडणी. वाचायला छान वाटतं पण मला समजलं ते एका दुपारी. न्यायला गेले तर ईसीई बाई म्हणाल्या आज जरा मोठा दिवस होता. झालं असं की सकाळी याने ठोकळ्यांचा सीएन टॉवर (टोरोंटोतला तो प्रसिद्ध उंच मनोरा) बांधला, स्वतःच्या उंचीएवढा, आणि एका मुलीने पळताना पाडला. हा जमिनीवर आडवा पडून रडला, तिला मारायला धावला, बाईंनी धरलं, मग कोपऱ्यातल्या तंबूत जाऊन बसला (वर्गात एक छोटा तंबू आहे, कोणालाही वाटलं तर जाऊन बसायचं, शिक्षा म्हणून नाही). पहिल्या खाऊच्या सुट्टीत जेवला नाही. बाहेर खेळून आला. दुपारी ती मुलगीच ठोकळे घेऊन आली आणि दोघांनी मिळून परत बांधला, बाईंनी "हात लावू नये" अशी पाटी लावून दिली, त्यावर याने आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढलं.

आता बघ, ही गोष्ट अडीच तासांच्या शाळेत झाली असती तर ती अकरा वाजता रडण्यावर संपली असती. मी रडका मुलगा घरी आणला असता, वाटेत चॉकलेट दिलं असतं, आणि त्या मुलीबद्दल त्याच्या डोक्यात फक्त "तिने पाडला" एवढंच राहिलं असतं. रुसायला, रुसून कंटाळायला आणि मग आपणहून परत यायला तीन-चार तास लागतात, मोठ्यांना पण लागतात, आमच्या घरात तर दोन दिवस लागतात. पूर्ण दिवसाचा मला दिसलेला सगळ्यात मोठा फायदा हा. त्याला वाचायला लवकर आलं का, माहीत नाही बाई, आलं तेव्हा आलं.

नाही म्हणायला यावर अभ्यास झालेत. टोरोंटो विद्यापीठातल्या जॅनेट पेलेटियर यांनी इथली पूर्ण दिवसवाली आणि अर्धा दिवसवाली मुलं काही वर्षं मागोवा घेऊन बघितली, आणि पूर्ण दिवसवाली मुलं शब्दसंपत्ती, वाचन, आकड्यांची समज आणि हे स्वतःला आवरणं यात दुसरीपर्यंत पुढे होती. पण अमेरिकेतले आकडे बघितले तर चित्र तितकं गुळगुळीत नाही, तिथे किंडरगार्टनच्या शेवटी पूर्ण दिवसवाली मुलं वाचन-गणितात पुढे दिसतात आणि तिसरीपर्यंत तो फरक बहुतेक विरून जातो. माझा नवरा इंजिनिअर असल्यामुळे त्याने हे लगेच पकडलं, "मग उपयोग काय?" मी म्हणलं तू चार वर्षांचा असताना आईने रोज दूध दिलं, ते आता तुझ्या पोटात आहे का? त्यावर सासूबाई खुश झाल्या, तो नाही.

सासूबाईंचं सांगायलाच हवं. त्या नाशिकला राहतात आणि निवृत्त व्हायच्या आधी तीस वर्षं बालवाडीच्या बाई होत्या. २०२३च्या सप्टेंबरात त्या सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या त्या मुळात नातवाला सांभाळायलाच, आणि आल्या तर नातू शाळेत! पहिल्या दिवशी त्या शाळेच्या कुंपणापर्यंत आल्या, त्याचं रडणं ऐकलं आणि माझ्याशी घरापर्यंत बोलल्या नाहीत. मग जेवताना म्हणाल्या, "मी तीस वर्षं बालवाडी चालवली, दोन तासांच्या वर लेकरू बसत नाही. आईची आठवण येते त्याला. तुम्हाला नोकऱ्या करायच्यात म्हणून हे." हे शेवटचं वाक्य लागलंच, कारण त्यात तथ्य होतंच. मी परत पूर्णवेळ नोकरी धरली ती त्याच महिन्यात. त्याच्या आधी डेकेअरला महिन्याला हजार डॉलरच्या वर जात होते, ते एकदम वाचले, फक्त शाळेच्या आधी आणि नंतर थांबायचे थोडे पैसे. इथल्या कितीतरी देशी बायकांचं नोकरीत परत येणं या जेकेच्या तारखेवर अडलेलं असतं, त्या मोकळेपणाने बोलत नाहीत कारण मग "पोराला शाळेत टाकून" असं ऐकावं लागतं. मी बोलते. मला पगार हवा होता आणि माझं डोकं पण जागेवर हवं होतं, आणि संध्याकाळी चारनंतर जी आई त्याला मिळाली ती दिवसभर घरी असलेल्या आईपेक्षा बरी होती, याला साक्षीदार आहेत.

तरी पहिले सहा आठवडे वाईटच गेले, ते लपवत नाही. तो लॉकडाउनमधलं बाळ, जन्मल्यावर चार महिन्यांत जग बंद, बाहेरची मुलं बघितलीच नव्हती फारशी. आणि इंग्रजी शून्य, घरी आम्ही मराठीच बोलतो. दोन वेळा चड्डी ओली करून आला कारण शू आली हे सांगायचं कसं ते कळेना, बाया कपडे बदलायला मदत म्हणजे तोंडाने सांगतात, हात लावत नाहीत, त्यामुळे पिशवीत ओले कपडे आणि अंगावर उलटी पँट. न्यायला गेलं की गाडीत बसताक्षणी झोप, चारला झोपला की सहाला उठणार आणि मग रात्री अकरापर्यंत डोळे टक्क. किंवा झोपला नाही तर मोठ्ठा तमाशा, केळं मोडलं म्हणून अर्धा तास रडणं. दिवसभर बाहेर शहाण्यासारखं वागल्याचा सगळा थकवा आमच्यावर निघायचा. सर्दी तर ऑक्टोबरात सुरू झाली ती मे महिन्यात थांबली, मधे आम्हा सगळ्यांना आळीपाळीने. आणि सत्तावीस मुलं म्हणजे गोंगाट किती! दोन मोठी माणसं असली तरी. नियम तसा आहे की सरासरी सव्वीस असावीत, एकोणतीसच्या वर जाऊ नयेत पण काही वर्गांत बत्तीसपर्यंत चालतं, बत्तीस चार वर्षांची मुलं एका खोलीत हे मला आजही पटत नाही, यावर कोणी आंदोलन केलं तर मी पाटी घेऊन उभी राहीन.

मग पाण्यामुळे गाडी रुळावर आली. म्हणजे खरंच पाण्यामुळे. वर्गात एक पंजाबी मुलगा होता, त्याला पण इंग्रजी येत नव्हतं, आणि एक दिवस तो बाईंना म्हणाला "पाणी". पंजाबीत पण पाणीच म्हणतात, ण सकट! आमचा चपापला असणार, आपली भाषा बोलणारं कोणीतरी सापडलं, तो पण म्हणाला "पाणी". बाई सांगत होत्या की दोघं दहा मिनिटं पाण्याच्या टेबलाशी उभे राहून एकमेकांकडे बघून पाणी पाणी म्हणत हसत होते. घरी येऊन पहिल्यांदा आपणहून शाळेतलं काहीतरी सांगितलं, "आई, तो पण मराठी आहे." तो आजही त्याचा जिवलग मित्र आहे, आणि पगडी बांधणारे त्याचे आजोबा आमच्याकडे मराठी म्हणूनच ओळखले जातात.

डब्याचं वेगळंच महाभारत. आमच्या शाळेत दोनदा खाऊची सुट्टी, दुपारच्या जेवणाची एक अशी नाही, म्हणजे डबा दोन भागांत. आणि शाळेत काजू-बदाम वगैरे चालत नाहीत, ॲलर्जीमुळे, शेंगदाणे तर अजिबातच नाही. मराठी माणसाने करायचं काय? साबुदाण्याची खिचडी दाण्याच्या कुटाशिवाय? काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, बटाट्याची उपासाची भाजी, चटणी, लाडू, जिकडे बघावं तिकडे कूट. सासूबाईंना हे पचायला शाळेच्या वेळेपेक्षा जास्त दिवस लागले. शेवटी तूप-साखर पोळीचा रोल, थर्मासमध्ये वरणभात, आणि थालीपीठ यावर गाडं स्थिरावलं. जेवताना पाचवी-सहावीतली मोठी मुलं वर्गात मदतीला येतात, डबे उघडून देतात. त्यातल्या एका मुलीने त्याला विचारलं की हे पिवळं काय आहे आणि तो म्हणाला "सूप", ते ऐकून आजीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मराठीचं मात्र नुकसान होतं, खोटं कशाला बोलू. साडेसहा तास इंग्रजीत राहिल्यावर जानेवारीपर्यंत "आई, मी फिनिश झालो" आणि "माझी टर्न आहे" सुरू. बाईंनी तर आम्हाला मुद्दाम सांगितलं होतं की घरी तुमचीच भाषा बोला, अजिबात सोडू नका, इंग्रजी आमच्यावर सोपवा. आम्ही सोडली नाही, रविवारची मराठी शाळा पण सुरू केली, पण खेळताना तो स्वतःशी इंग्रजीत बोलतो हे मी ऐकते तेव्हा पोटात कुठेतरी तुटतंच. अर्धा दिवस शाळा असती तर मराठी जास्त टिकली असती का? बहुतेक हो. हा एक मुद्दा मी सासूबाईंना देऊन टाकलाय.

पण त्यांनी पण एक दिला. नोव्हेंबरात शाळेने पालकांना वर्ग बघायला बोलावलं होतं, मी ओढूनच नेलं त्यांना. आत गेल्या, सगळीकडे एकदा नजर फिरवली, आणि सरळ त्या कचऱ्याच्या टोपल्यांपाशी जाऊन खाली मांडी घालून बसल्या. खडे हातात घेतले. म्हणाल्या, "हे आमचंच आहे." मला काही कळेना. मग घरी आल्यावर दोन तास बोलत होत्या. ताराबाई मोडकांनी १९२६ला नूतन बाल शिक्षण संघ काढला, गिजुभाई बधेका त्यांच्याबरोबर, माँटेसरीची महागडी साधनं आपल्या गरीब मुलांना कुठून आणायची म्हणून पुढे १९४५पासून बोर्डीला आणि मग कोसबादला अनुताई वाघांना जोडीला घेऊन ताराबाईंनी बिया, शिंपले, खडे, पानं असं जे हाताशी आहे त्यातूनच साधनं केली, आदिवासी मुलं शाळेत येईनात तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. सासूबाईंच्या बालवाडीच्या प्रशिक्षणात हे सगळं शिकवलं होतं आणि सुरुवातीची काही वर्षं त्यांनी तसंच केलं पण. मग पालक विचारायला लागले की एबीसीडी कधी? पाटी कधी? शेजारी इंग्रजी केजी उघडली, मुलं तिकडे जायला लागली, मग यांच्या बालवाडीत पण खडे गेले आणि रेघांच्या वह्या आल्या. "दोन तासांत वह्याच होतात गं," त्या म्हणाल्या, "खडे काढले की आवरायलाच अर्धा तास लागतो."

मी काहीच बोलले नाही, म्हणलं स्नोपँटचा मुद्दा त्यांनीच मांडलाय.

आपल्याकडे तर याची सोय निम्मी झालेलीच आहे असं मला वाटतं. १९७५ पासून अंगणवाड्या आहेत, गावागावात आहेत, आणि २०२०च्या शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एक सलग टप्पा धरलाय, पुस्तकापेक्षा खेळावर भर द्या म्हणलंय. पण एकाच अंगणवाडी सेविकेने खिचडी बघायची, वजनं करायची, नोंदी भरायच्या, गरोदर बायकांच्या घरी जायचं आणि वर मुलांना शिकवायचं, तर ती कोणाची स्नोपँट बघणार? तास नुसते वाढवून काही होणार नाही, एक दुसरी शिकलेली, नीट पगाराची बाई तिच्या जोडीला हवी, आमच्या ईसीई बाईंसारखी. नाहीतर तीन तासांच्या वह्यांच्या जागी सहा तासांच्या वह्या होतील आणि ताई तुझी भीती मग अगदी खरी ठरेल. शहरातल्या इंग्लिश केजींना तर मी पूर्ण दिवस सुचवणारच नाही, ते फी दुप्पट करतील आणि दुपारी अबॅकस लावतील.

सासूबाई मार्चमध्ये परत गेल्या. जाताना विमानतळावर त्यांना स्वेटर घालायला मी मदत करायला गेले तर नातू म्हणाला, "आई थांब, आजीला करू दे, वेळ आहे." आणि मग तिथेच, चेक-इनच्या रांगेत, त्याने त्यांचा स्वेटर जमिनीवर पसरला, उलटा, गळा पायांकडे. पासष्टीच्या बाई, गुडघे दुखतात, तरी वाकल्या. एक बाही चुकली. मागच्या माणसाने ट्रॉली थांबवली. दुसऱ्या खेपेला जमलं.